क्लार्कचा हिशेब

विल्यम क्लार्कचं नाव निघालं की मामांचं आणि माझं बिनसतं. हा नॉटिंगहॅमचा गवंडी. जन्म २४ डिसेंबर १७९८ चा. मिसरूड फुटायच्या वयात तो गावाच्या संघातून खेळू लागला, पुढे त्याने ‘बेल इन’ नावाचा पब चालवला, एका डोळ्याची नजर गमावली. इतर खेळाडू ज्या वयात नातवंडं खेळवतात त्या वयात, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं उलटल्यावर, त्याने देशातले नामांकित खेळाडू गोळा केले आणि गावोगाव हिंडणारा ‘ऑल इंग्लंड इलेव्हन’ हा संघ काढला. दहा वर्षं तो त्याने एकहाती चालवला.

मामा सांगलीत आयुष्यभर एका क्लबाचे चिटणीस होते. पंचांची सोय, रोलर ओढायला माणसं, बाहेरगावच्या संघाचं जेवणखाण, वर्गणीची पावतीपुस्तकं, हे सगळं त्यांनी स्वतः केलंय. मी कामगार न्यायालयात वकिली करते आणि कॉलेजात असताना लेगस्पिन टाकायचे. मामांना क्लार्कमधला कारभारी पूजनीय वाटतो. मला त्याच्यातला गोलंदाज भावतो आणि कारभारी खुपतो. गोलंदाजाबद्दल आमचं भांडण नाही, म्हणून आधी तेच सांगते.

१८३५ मध्ये नियम बदलून खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेऊन चेंडू टाकायला रीतसर मुभा मिळाली होती. लिलिव्हाइट, हिलियर, अल्फ्रेड मिन असे गोलंदाज त्या पद्धतीने गाजत होते आणि नवे फलंदाज त्याच चेंडूंवर तयार होत होते. क्लार्कने मात्र आपली जुनी, हाताखालूनची गोलंदाजी सोडली नाही. फक्त इतरांसारखा गुडघ्याजवळून चेंडू न सोडता तो अखेरच्या क्षणी कोपर वाकवून जवळजवळ कमरेपासून सोडायचा. त्यामुळे चेंडू हवेत तरंगत यायचा, पण टप्पा पडल्यावर अपेक्षेपेक्षा चपळ उठायचा आणि बाहेरच्या बाजूला वळायचा. मी स्वतः असे वळणारे चेंडू टाकलेत, म्हणून सांगू शकते की यात बोटांइतकंच डोकं लागतं. हवेत चढलेल्या चेंडूकडे फलंदाजाची नजर जाते, पाय पुढे निघतो, आणि तेवढ्यात चेंडू वीतभर अलीकडे पडतो. पाय परत घ्यायला वेळ उरत नाही. अशी गोलंदाजी करणाऱ्याने दोन चौकार खाऊनही तिसरा चेंडू तितकाच वर चढवायचा असतो. हे धाडस मला कॉलेजात क्वचितच जमलं.

“आणि हे सगळं एका डोळ्याने,” मामा म्हणाले. “फाइव्हज खेळताना गेला तो. भिंतीवर हाताने चेंडू मारायचा खेळ. उजवा डोळा गेल्यावर दुसऱ्या कुणी मैदानाकडे पाठ फिरवली असती.”

“गोलंदाज म्हणून मी त्याला साष्टांग नमस्कार घालते, मामा. १८५३ च्या एका हंगामात त्याने ४७६ बळी घेतले. समोर गावातले अठरा-अठरा, बावीस-बावीस जण असायचे, म्हणून आकडा फुगलेला आहे, हे मान्य. पण वय चोपन्न होतं. आणि त्याच्याच संघातला फीलिक्स, त्या काळातला एक उत्तम फलंदाज, त्याने १८५२ मध्ये ‘हाऊ टू प्ले क्लार्क’ अशी पुस्तिकाच काढली. एकाच गोलंदाजाला कसं खेळावं, एवढ्यासाठी पुस्तिका!”

“सामन्याआधी तो मैदानात चक्कर मारायचा, समोरच्या संघाचा सराव बघायचा. कुणाचा पाय अडकतो, कुणाची बॅट तिरकी येते, सगळं टिपून ठेवायचा.”

“तेच डोकं त्याने माणसांचे पैसे ठरवायलाही वापरलं. भांडण तिथे आहे.”

मामांनी चष्मा काढला. ते आता लांबचं सांगणार, हे मला कळलं.

“पैशावर नंतर येऊ. तू आधी ट्रेंट ब्रिज बघ. नॉटिंगहॅमचे सामने तेव्हा फॉरेस्ट म्हणून जे मोकळं माळरान होतं, तिथे व्हायचे. कुणीही यावं, फुकट बघावं, निघून जावं. १८३७ मध्ये क्लार्कने मेरी चॅपमन या विधवेशी लग्न केलं. ती नदीच्या पुलापलीकडे ट्रेंट ब्रिज इन हा पब चालवायची. त्या पबमागच्या कुरणात त्याने मैदान आखलं, कुंपण घातलं, आणि १८३८ पासून तिथे सामने सुरू केले. तिकीट लावून. दोन वर्षांनी नॉटिंगहॅमशायर आणि ससेक्स तिथे खेळले. आज कसोटी बघायला जिथे लोक जातात, ते मैदान एका गवंड्याने कुरणातून उभं केलंय. कुणा लॉर्डाने नाही.”

“पब मेरीचा होता, हेही सांगा.”

“सांगितलं की. तिचाही वाटा आहेच.”

“आणि जो विणकर माळावर फुकट सामना बघत होता, त्याला कुंपणाबाहेर उभं केलं. गावात कुरकुर झालीच.”

“झाली. पण कुंपण नसेल तर पैसा नाही, आणि पैसा नसेल तर खेळाडू कुणाच्या जिवावर जगणार? फुलर पिल्च घे. इंग्लंडचा पहिल्या नंबरचा फलंदाज. तो नॉरफोकहून केंटमध्ये का गेला? टाउन मॉलिंगच्या धनिकांनी वर्षाला १०० पौंड देऊ केले म्हणून. त्यांची मर्जी आहे तोवर पिल्च मोठा. गवयाने संस्थानिकाच्या दरबारी राहावं तसं. क्लार्कने प्रेक्षकाला तिकीट घ्यायला लावलं आणि खेळाडूला त्या दरबारातून बाहेर काढलं. मी वर्गणी मागत दारोदार फिरलोय ना, म्हणून मला हे कळतं. एकाच शेठजीवर क्लब चालतो तेव्हा संघात त्याचा भाचा खेळतो.”

हा मुद्दा बिनतोड आहे, असं मला आजही वाटतं. धनिकाच्या पदरी असलेल्या खेळाडूला मजुरी वाढवून मागताच येत नाही, कारण त्याला मजुरी मिळत नसते, कृपा मिळत असते. कामगाराच्या बाजूने उभं राहणाऱ्याने क्लार्कला एवढं श्रेय दिलंच पाहिजे.

मामा पुढे बोलत राहिले. १८४६ मध्ये क्लार्क लंडनला लॉर्ड्सवर गेला, एमसीसीच्या मैदानावर नोकर गोलंदाज म्हणून. सभासद महाशयांना नेटमध्ये सराव द्यायचा, हे काम. त्याच वर्षी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स या सामन्यात पहिल्यांदा खेळला. एकीकडे हौशी म्हणवणारे उमराव, दुसरीकडे पोटासाठी खेळणारे.

“नेटमधला नोकर म्हटलं की मला पालवणकर बाळू आठवतात,” मी म्हटलं. “पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी राखायची आणि साहेबांना चेंडू टाकायचे. ही व्यवस्था इंग्रजांनी आपल्याबरोबरच इथे आणली होती. साहेब फलंदाजी करणार, घाम गाळणार तो पगारी माणूस.”

“बाळूंपुढे जातही होती. क्लार्कपुढे ती भिंत नव्हती. पण लॉर्ड्सवर राहून त्याला एक गोष्ट दिसली: देशातले सगळे उत्तम पगारी खेळाडू इथे येतात, आणि उत्तरेकडच्या गिरण्यांच्या गावांना ते कधी दिसतच नाहीत. रेल्वे तर चहूकडे पसरत होती. त्याने दोन्हीची सांगड घातली. ३१ ऑगस्ट १८४६, शेफील्डचं हाइड पार्क मैदान. क्लार्कचे अकरा आणि शेफील्डचे वीस.”

“शेफील्ड पाच गडी राखून जिंकलं.”

“जिंकू दे ना! त्याचं काय बिघडलं? चाकू-कात्र्या घडवणाऱ्या गावाने इंग्लंडच्या संघाला हरवलं, ही बातमी पुढच्या दहा गावांना क्लार्कची वाट बघायला लावणारी होती. लगेच मँचेस्टर, मग लीड्स. पुढच्या हंगामापासून तर तारखा अपुऱ्या पडायला लागल्या. कॉर्नवॉलपर्यंत गेले ते. जिथे रेल्वे नव्हती तिथे घोडागाडीने, रात्रीबेरात्री. आपल्याकडे तमाशाचा फड जसा जत्रांच्या तारखा धरून हिंडतो ना, तसा हा फड हिंडला. कुरणं सपाट झाली, गवत कापलं जाऊ लागलं, पोरांनी मिनला आणि पिल्चला डोळ्यांनी पाहिलं.”

“फड म्हणालात ते बरं झालं, मामा. मग फडमालकाबद्दलही बोलू. बिदागी किती होती?”

मामांना ठाऊक होतं. सामन्यामागे चार ते सहा पौंड.

“शेतमजुराला तेव्हा आठवड्याला नऊ-दहा शिलिंग मिळायचे,” ते म्हणाले. “चार पौंड म्हणजे ऐंशी शिलिंग. मजुराची दोन महिन्यांची कमाई तीन दिवसांत. शोषण म्हणतेस ते हे?”

“ऐंशी शिलिंगांतून रेल्वेचं भाडं स्वतः भरायचं. मुक्काम, जेवण स्वतःचं. हंगाम उन्हाळ्यापुरता, हिवाळ्यात एक पेनी नाही. बोट मोडलं तर पुढच्या सामन्याला दुसरा माणूस. आणि तुलना शेतमजुराशी का करायची? गाडी कुणासाठी भरली, तिकीट कुणाला बघायला घेतलं, त्याच्याशी करा. लोक मिनला बघायला येत होते, संघातल्या जॉर्ज पार आणि जॉन विझडेनला बघायला येत होते.”

“आणि क्लार्कलाही.”

“त्यालाही. पण यजमान क्लबाशी रक्कम ठरवायचा क्लार्क, घ्यायचा क्लार्क, वाटायचा क्लार्क, आणि किती आली हे फक्त क्लार्कला माहीत. जुन्या खेळाडूंच्या आठवणींत एक प्रसंग सांगतात. सामना संपलाय, टेबलावर सोन्याचांदीच्या नाण्यांचा ढीग आहे, खेळाडू रांगेत उभे आहेत. क्लार्क एकेकापुढे नाणी सरकवतो, तुझे इतके, तुझे इतके. शेवटी उरलेला सगळा ढीग ओढून विजारीच्या खिशात घालतो. मामा, माझ्यासमोर असे कामगार येतात. पगार कमी असतो म्हणून ते जितके पेटतात, त्याहून जास्त हिशेब दाखवत नाहीत म्हणून पेटतात.”

“जोखीम कुणाची? पाऊस पडला, कुणी आलं नाही, तर?”

“रक्कम आधी ठरलेली असायची. पावसाची जोखीम यजमान क्लबाची. म्हणजे तुमच्यासारख्या चिटणिसाची!”

इथे मामा जरा थांबले. अशी जोखीम त्यांनी स्वतः घेतलेली आहे.

“तरी,” ते म्हणाले, “पत्रं कोण लिहीत होतं? वर्षभर आधी तारखा कोण जुळवत होतं? संघातला एक आजारी पडला तर रातोरात दुसरा कोण आणत होतं? तुमच्या कायद्यात चेंडू टाकणाऱ्याची मेहनत धरतात, वेळापत्रक बांधणाऱ्याची धरत नाहीत. तो दिवसभर स्वतः गोलंदाजी करून हे सगळं करत होता. दुपारी जेवायचासुद्धा नाही. सोडावॉटर आणि सिगार.”

“आणि रात्री अख्खा हंस एकटा फस्त करायचा, असं त्या काळातल्या रिचर्ड डॅफ्ट या खेळाडूने लिहून ठेवलंय. दिवसभर गोलंदाजी करायचा हेही खरं, कारण स्वतःला बदलतच नव्हता. पुढच्या षटकात विकेट मिळणार अशी त्याला कायम खात्री. दुसऱ्या टोकाला चांगले गोलंदाज ताटकळायचे. मैदानावर जे, तेच पैशात. सगळं एकाच मुठीत.”

क्लार्कबद्दल मला जे म्हणायचंय ते या एका मुठीत आहे. ती मूठ नसती तर संघ उभा राहिला नसता, हे मामांचं म्हणणं मी मानते. पण उभा राहिलेला संघ तिने पाच-सहा वर्षांत फोडलाही. १८५२ मध्ये जॉन विझडेन आणि जेमी डीन यांनी बाहेर पडून ‘युनायटेड ऑल इंग्लंड इलेव्हन’ हा आपला संघ काढला. विझडेन हा बुटका वेगवान गोलंदाज. १८५० मध्ये लॉर्ड्सवर एका डावात त्याने दहाच्या दहा फलंदाज त्रिफळाचित केले होते. अशा माणसाला कामचुकार म्हणून झटकून टाकायची सोय नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात या खेळाडूंनी शेफील्डमध्ये एकत्र बसून लेखी ठराव केला: काउंटीचे सामने सोडून, ज्या सामन्याची सूत्रं क्लार्कच्या हातात असतील त्यात आम्ही खेळणार नाही. कारणही दिलं. त्याने आम्हाला दिलेली वागणूक.

“शेफील्डमध्ये, मामा. जिथे पहिला सामना झाला तिथेच.”

“मला त्यात क्लार्कचा पराभव दिसत नाही,” मामा म्हणाले. “सहा वर्षांपूर्वी यातल्या कुणाची ठराव करायची ताकद होती? धनिकाविरुद्ध पिल्चने कधी ठराव केला? बाजार आहे, गावं आपल्याला बोलावतात, आपण क्लार्कशिवायही हिंडू शकतो, हे त्यांना कळलं कुठून? त्याच्याच गाडीत बसून.”

“मान्य. पण गाडीत बसवलं म्हणून त्याने जन्मभर तिकीटही आपणच कापायचं?”

मग आम्ही ब्रिस्टलला आलो, कारण मामा तिथे आल्याशिवाय राहत नाहीत. १८५४ चा जून. डॉक्टर हेन्री ग्रेस नावाच्या क्रिकेटवेड्या गृहस्थाने क्लार्कच्या संघाला वेस्ट ग्लॉस्टरशायरच्या बावीस जणांविरुद्ध खेळायला बोलावलं. मैदान फुल मून हॉटेलच्या मागे, स्टोक्स क्रॉफ्टमध्ये. डॉक्टरांनी आपल्या माळ्याला आणि आणखी काही गड्यांना कामाला लावून खेळपट्टी तयार करून घेतली. बघायला आलेल्यांत त्यांचा एक मुलगा होता, सहा वर्षांचासुद्धा पुरा नसलेला. त्याच्या डोक्यात पुढे जन्मभर एक चित्र राहिलं: क्लार्कचे काही खेळाडू उंच काळ्या टोप्या घालून खेळत होते. तो मुलगा म्हणजे विल्यम गिल्बर्ट ग्रेस.

“पुढच्या वर्षी संघ पुन्हा आला,” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. “या वेळी बावीस जणांत ग्रेसचा थोरला भाऊ एडवर्ड होता. तेरा वर्षांचा पोर. यष्टिरक्षकाच्या मागे, लाँगस्टॉपला उभा राहून त्याने असे चेंडू अडवले की क्लार्कने त्याला बॅट बक्षीस दिली. आणि त्याच्या आईला, मार्था ग्रेसला, पुस्तक दिलं. बोलंडचं ‘क्रिकेट नोट्स’, ज्यात क्लार्कचं स्वतःचं, कसं खेळावं ते सांगणारं पत्र आहे. त्यावर लिहून दिलं: मिसेस ग्रेस यांना, विल्यम क्लार्क, सेक्रेटरी. त्या बाईला क्रिकेट कळत होतं, हे त्याने ओळखलं. एवढ्या पोरांतून हेच घर त्याने हेरलं. तू म्हणतेस तो नाण्यांचा ढीग एकीकडे ठेव आणि ही बॅट दुसरीकडे.”

मी ती खरंच ठेवते. मैदानातला माणूस ओळखायची क्लार्कची नजर, उरलेल्या एका डोळ्याचीही, विलक्षण होती. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात बॅट देणारा आणि विझडेनला हिशेब न दाखवणारा, माणूस एकच होता. पोराला दिलं ते त्याच्या मनाला येईल तसं होतं. विझडेनला जे द्यायचं होतं त्यावर विझडेनचा हक्क होता. देणगीत क्लार्क उदार होता, देण्यात नव्हता. माझ्या कामात असे मालक वारंवार भेटतात. दिवाळीला मिठाई भरघोस, आणि ओव्हरटाइमचं नाव काढलं की चेहरा दगडाचा.

“मला सर्वांत जास्त राग कशाचा येतो सांगू?” मी म्हटलं. “देशात दोन तगडे संघ होते. ऑल इंग्लंड आणि युनायटेड. सगळ्यांना ते समोरासमोर हवे होते. क्लार्कने जिवंत असेपर्यंत तो सामना होऊ दिला नाही. का? तर ते माझ्याविरुद्ध उठले. चार वर्षं इंग्लंडमधला सर्वांत चांगला सामना एका माणसाच्या रागापायी अडला.”

मामांनी यावर क्लार्कची बाजू घेतली नाही. “ते चुकलं त्याचं,” एवढंच म्हणाले.

क्लार्क २५ ऑगस्ट १८५६ रोजी लंडनजवळ वाँड्सवर्थमध्ये वारला. त्याच हंगामापर्यंत तो खेळत होता, आणि त्याने टाकलेल्या अखेरच्या चेंडूवर बळी मिळाला, अशी नोंद आहे. संघाची सूत्रं जॉर्ज पारकडे आली. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, लॉर्ड्सवर दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले. पुढे हा वार्षिक सामना हंगामातला मोठा सोहळा झाला आणि त्याचं उत्पन्न अडचणीतल्या क्रिकेटपटूंच्या मदत निधीला जाऊ लागलं. ज्या प्रश्नाकडे क्लार्कने ढुंकून पाहिलं नव्हतं, बोट मोडलेल्या, वय झालेल्या खेळाडूचं काय, तो त्याच सामन्याने हाती घेतला.

“आणि १८५९,” मामा म्हणाले. “लिव्हरपूलहून जहाज सुटलं, क्वेबेककडे. परदेशात गेलेला पहिला इंग्लिश क्रिकेट संघ. बारा जण. कर्णधार कोण? जॉर्ज पार. क्लार्कचा माणूस.”

“सहा क्लार्कच्या संघाचे, सहा युनायटेडचे. विझडेनही त्यात होता.”

“गावोगाव फिरून बावीस-बावीस जणांविरुद्ध खेळायचं, ठरावीक रक्कम आधी घ्यायची, सगळी पद्धत क्लार्कची. शेफील्ड आणि लीड्सऐवजी माँट्रियल आणि फिलाडेल्फिया. तो गवंडी नसता तर कॅनडातल्या लोकांना इंग्लंडचे पगारी खेळाडू बोलवावेत हे सुचलंच नसतं.”

“अटी वाचल्यात का त्यांच्या? माणशी ५० पौंड, निघायच्या आधी ठरलेले. प्रवासखर्च वेगळा, यजमानांचा. क्लार्कच्या संघात रेल्वेचं भाडं खिशातून भरणारी हीच माणसं होती, मामा. या वेळी त्यांनी जहाजावर पाय ठेवायच्या आधी सगळं लिहून घेतलं.”

“लिहून घ्यायला समोर कुणीतरी बोलावणारा असावा लागतो.”

“आणि लिहून मागणाराही.”

मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, परतल्यावर प्रत्येकाच्या हातात किती उरले होते. जवळपास ९० पौंड, मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात चारने भागलं असावं, कारण थोड्या वेळाने ते म्हणाले, “बावीस सामने.”

“त्याहून जास्त,” मी म्हटलं. “भाडं वजा करा.”